मुखारोग्य आणि आपला फॅमिली डॉक्टर

रुग्णाची जीभ पाहण्याची प्रथा वैद्यकव्यवसायात जुनी आहे. परंतु जिभेपलीकडचे मुख पाहणे हे केवळ दंतवैद्याचे काम, असा समज रूढ झाला आहे. दात दुखल्याखेरीज रुग्ण दंतवैद्याकडे जात नाही, आणि मुखाच्या कर्करोगाची पूर्वलक्षणे बहुधा दुखत नाहीत. भारतीय पुरुषांमध्ये हाच कर्करोग सर्वाधिक आढळतो.

उधना, लिंबायत, डिंडोली या परिसरात खान्देशातून आलेली असंख्य कुटुंबे स्थिरावली आहेत. ताप-खोकल्यासाठी ही मंडळी प्रथम जवळच्या डॉक्टरांकडेच येतात. त्यांच्यापैकी कोणी मावा खातो, कोणी तंबाखू मळतो. काही भगिनी अजूनही मिश्रीने दात घासतात. महाराष्ट्र व गुजरात या दोन्ही राज्यांनी २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, तरी सवय सुटलेली नाही. ‘तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो’ हे समाधानही फोल आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीलाच कर्करोगकारक ठरविले आहे.

तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून डॉक्टर नसलेल्या, परंतु प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी केवळ डोळ्यांनी मुखतपासणी केली. २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तंबाखू वा मद्य सेवन करणाऱ्यांमध्ये मुखकर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. जे त्यांना साधले, ते आपणास अवघड नाही.

टॉर्च, हातमोजे आणि दोन मिनिटे पुरेत. कवळी काढावयास सांगून ओठ, गालांची आतील बाजू, हिरड्या, जिभेच्या कडा, जिभेखालील भाग व टाळू क्रमाने पाहावे; मानेतील गाठी चाचपाव्यात. रुग्णाची स्वतःची तीन बोटे उभी तोंडात जात नसतील, तर सबम्युकस फायब्रोसिसची शंका घ्यावी. पांढरा वा लाल चट्टा, अथवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसल्यास मलम देऊन वाट न पाहता रुग्णास तज्ज्ञाकडे, न्यू सिव्हिल किंवा स्मीमेर रुग्णालयात पाठवावे.

मधुमेही रुग्णांच्या हिरड्या आवर्जून पाहाव्यात. अनियंत्रित साखरेने हिरड्यांचा विकार बळावतो, आणि त्या विकाराने साखर आटोक्यात येणे कठीण होते.

समाजबांधवांनीही महिन्यातून एकदा आरशासमोर स्वतःचे मुख न्याहाळावे, आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी तंबाखू-सुपारीची सवय निःसंकोच सांगावी. वेळीच ओळखलेल्या आजाराचा उपचार सोपा असतो. उशीर झाल्यास जबडा व वाणी दोन्ही गमवावी लागतात.