माळ्यावरची ‘टॉवर’ बंदूक

प्रश्न : आमच्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर एक लांबलचक लष्करी रायफल सापडली. घोड्याजवळच्या लोखंडी पट्टीवर मुकुट, त्याखाली ‘व्ही. आर.’ ही इंग्रजी अक्षरे आणि पुढे ‘१८६२ टॉवर’ असे कोरलेले आहे. रामजी गोंडांच्या लढ्यातली ही बंदूक, असे घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. एक गृहस्थ चाळीस हजार देतो म्हणतात, फक्त बोभाटा करू नका म्हणतात. भाचा अमेरिकेतल्या लिलावाचा आकडा दाखवून दोन लाखांच्या खाली सोडू नका म्हणतो. खरी किंमत किती?
— एक वाचक, बेला मंडळ, जि. आदिलाबाद (नाव छापू नये ही विनंती)

उत्तर : घरातली गोष्ट आधी बाजूला काढू, कारण किमतीचा अर्धा फुगवटा तिनेच आणला आहे. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या रामजी गोंडांना निर्मलला फाशी झाली १८६० साली. तुमच्या पट्टीवर साल आहे १८६२. पट्टी मागाहून बदललेली असू शकते, जुन्या बंदुकांत एकीची नळी आणि दुसरीचा घोडा असा संसार सर्रास आढळतो. पण मग ‘अस्सल, जशीच्या तशी’ हा दावाही गेला. दोन्हीपैकी एकच पदरात पडेल.

मग ती आहे तरी काय? ‘व्ही. आर.’ म्हणजे राणी व्हिक्टोरियाची मोहर. ‘टॉवर’ ही लंडनच्या टॉवरची सरकारी खूण, पण बंदूक तिथे घडली असे नव्हे. बर्मिंगहॅम आणि लंडनच्या ठेकेदारांनी करून दिलेल्या मालावर ती उमटे. एनफिल्डच्या सरकारी कारखान्यातल्या मालावर ‘एनफिल्ड’ लिहिलेले असे. घाट १८५३ च्या एनफिल्डचा दिसतो. ज्या रायफलीच्या चरबीच्या काडतुसांवरून १८५७ साली भडका उडाला, तीच ही जात. आपल्याकडे गडचिरोली-चंद्रपूरकडे जिला भरमार म्हणतात तशीच तोंडाकडून ठासायची.

इथे एक मेख आहे. १८५७ नंतर इंग्रजांनी देशी शिपायांच्या हाती खरी रायफल देणे थांबवले. १८५८ पासून त्यांच्यासाठी बाहेरून हुबेहूब एनफिल्डसारखी, पण आतून गुळगुळीत नळीची बंदूक काढली. पीळ नाही, म्हणून लांबचा नेम नाही. शिपाई उलटलाच तर त्याची गोळी गोऱ्या सोल्जराइतकी दूर नेमकी लागू नये, हा हिशेब. खऱ्या रायफलीचे तोंड साधारण साडेचौदा मिलिमीटर आणि आत पिळाच्या तीन खाचा. गुळगुळीत जातीचे तोंड साडेसोळाच्या पुढे. तुमची बहुधा दुसरी निघेल. निजामाच्या खर्चाने इंग्रज अधिकारी चालवत ती हैदराबाद कंटिंजंट फौज हिंगोलीलाही होती, तिच्या खर्चापोटी १८५३ साली वऱ्हाड गेले. तुमच्या भागात असली शस्त्रे पोचायला तो एक सरळ रस्ता होता. परदेशी हौशी लोक पिळाच्या नळीला जास्त मोजतात. मला विचाराल तर गुळगुळीत नळीत आपला इतिहास जास्त आहे.

मात्र नळीत डोकावून पाहू नका. ठासणीच्या बंदुका अनेकदा भरलेल्या अवस्थेतच टांगून ठेवल्या जात आणि कोरडी राहिलेली काळी बारूद शंभर वर्षांनीही पेट घेते. हे जाणकार कारागिराचे काम.

आता भाच्याचा आकडा. जुने म्हणजे दुर्मीळ नव्हे. असल्या बंदुका लाखांनी बनल्या. २००३ साली काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला जुन्या शस्त्रांचा प्रचंड साठा अमेरिकेतल्या दोन व्यापाऱ्यांनी उचलला आणि तोवर नवलाईच्या मानल्या जाणाऱ्या मार्टिनी-हेन्री रायफली हजारोंनी बाजारात आल्या. उलट २०१९ साली इंग्लंडात एका घराच्या माळ्यावरची टिपू सुलतानाची चांदीने मढवलेली बंदूक ६० हजार पौंडांना, म्हणजे पन्नास लाखांच्या वर गेली. ते मोल टिपूच्या शस्त्रागाराचे आणि श्रीरंगपट्टणहून ती कोणी आणली याच्या माहितीचे. शिवाय अमेरिकेचा भाव तुम्हाला मिळणारच नाही. शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरते आणि १९७२ च्या कायद्याने ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही.

चाळीस हजारांचे काय? १९५९ च्या शस्त्र कायद्याचे ४५ वे कलम जुनाट किंवा पुरातन मोलाच्या शस्त्राला सूट देते, पण ते दुरुस्ती करूनही झाडता येणार नाही अशा अवस्थेत असेल तर. हे तुम्ही किंवा मी ठरवायचे नाही. पोलिसांचा शस्त्रतज्ज्ञ सांगेल. झाडता येण्याजोगी निघाली आणि परवाना नसेल, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षांची कैद आहे. आजोबांच्या नावाचा परवाना असलाच, तरी तो त्यांच्यापुरताच होता, वारसाला स्वतःचा काढावा लागतो. (माळ्यावर काडतुसांची .३०३ रायफल सापडली असती तर गोष्ट फारच गंभीर होती, ती बंदी असलेल्या बोअरची.) तेव्हा वकिलाकडून अर्ज लिहून घ्या आणि स्वतःहून पोलीस ठाण्यात कळवा. जमा करावी लागली तर वर्णनासह पोचपावती घ्या. बोभाटा नको म्हणणाऱ्या गृहस्थांकडे शस्त्रविक्रेत्याचा परवाना मागून पाहा.

ओळख पटवायला नागपूरचे अजब बंगला संग्रहालय तुम्हाला हैदराबादपेक्षा जवळ पडेल. बंदूक नेऊ नका, फोटो न्या : पट्टीचा, नळीच्या तोंडाचा, दस्त्यावरच्या शिक्क्यांचा. संग्रहालये सहसा किंमत सांगत नाहीत, वस्तू काय आहे ते सांगतात. फोटोंआधी ती ब्रासो किंवा पॉलिश पेपरने घासू नका. बारीक शिक्के त्यातच जातात आणि ते गेले की गिऱ्हाइकही जाते.

आणि आजोबांची पेटी उघडून बघा. निजामी अमलातला बंदुकीचा परवाना उर्दूत असेल, साल फसली. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो : १३४० फसली म्हणजे १९३०-३१. त्यावर तुमच्या घराण्याचे नाव आणि बंदुकीचे वर्णन जुळले, तर त्या कागदाची प्रत फोटोंसोबत जोडा. घरातल्या गोष्टीपेक्षा जाणकार आधी तोच वाचायला मागेल.