जुनी फोर-व्हील गाडी डिझेल अधिक कां खाते?

बैल मधेंच थबकूं लागला म्हणजे जाणता गाडीवान प्रथम त्याच्यावर आसूड उगारीत नाहीं. तो खालीं उतरतो, चाक हातानें फिरवून पाहतो, आंसास वंगण आहे कीं नाहीं हें तपासतो, आणि ओझें एका बाजूस कललें नाहीं ना याची खात्री करून घेतो. मोटारगाडीच्या बाबतींत मात्र आपण हें शहाणपण विसरतों. गाडी पूर्वीपेक्षां अधिक डिझेल खाऊं लागली कीं 'इंजिन उतरलें' किंवा 'पंप करावा लागेल' असा निवाडा लागलीच होतो, मोठा खर्च होतो, आणि पुष्कळदां दोष होता तेथेंच राहतो. असा खर्च आम्हीं स्वतः करून बसलों आहों. म्हणून आमच्या शेतकरी बंधूंसाठीं हा लेख लिहिण्याचें योजिलें.

ही गाडी आणि आपली जमीन

सांगली जिल्ह्याचा कांहीं भाग मूळचा सातारा जिल्ह्यांतलाच. १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. या सर्व टापूंत जमिनीचे तीन पट्टे ढोबळ मानानें दिसतात. पश्चिमेस पाटण, जावळी, शिराळा या बाजूचा डोंगरी व चिखलाचा. मध्यें कृष्णाकांठचा काळ्या रानाचा. आणि पूर्वेस माण, खटाव, आटपाडी, जत या बाजूचा कोरडा व धुळीचा. तिन्ही पट्ट्यांत चारी चाकांस जोर देणारी जुनी गाडी अद्याप उपयोगी पडते. परंतु प्रत्येक पट्टा तिला आपापला रोग लावतो. चिखल व ओढ्याचें पाणी ब्रेक अडकवितें, काळ्या रानामुळें टायरांतील हवा कमी ठेवण्याची व फोर-व्हीलचा दांडा टाकून ठेवण्याची संवय लागते, आणि धूळ एअर फिल्टर बुजविते. म्हणून गाडी कोठें राबते हें आठवणें, हीच निदानाची पहिली पायरी होय.

ह्या गाड्यांची रचनाही समजून घेतली पाहिजे. जीप ही मूळची लष्करी गाडी. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेंतील विलिस व फोर्ड या कारखान्यांनीं ती मोठ्या संख्येनें बांधली. युद्धानंतर महिंद्र कंपनीनें मुंबईंत तिची जुळणी सुरू केली, आणि पुढें तिच्यांत डिझेल इंजिनें बसूं लागलीं. त्या वळणाच्या जुन्या गाड्यांत पुढचा व मागचा आंस यांच्यामध्यें वेग जुळवून घेणारें डिफरन्शियल नसतें. वळणावर पुढचीं चाकें मागच्यांपेक्षां लांबचा फेर घेतात. चिखलांत हा फरक चाकें घसरून भरून निघतो. डांबरी रस्त्यावर तो भरून निघत नाहीं. मग शाफ्टांना पीळ बसतो, टायर घासतात, सुकाणूं जड लागतें, आणि हें सारें डिझेलच्या खर्चानें होतें.

प्रथम माप, मग मिस्त्री

'गाडी फार खाते' ही तक्रार झाली. तें माप नव्हे. माप असें घ्यावें. सपाट जागेवर उभ्या गाडींत, ठरलेल्या एकाच पंपावर, टाकी काठोकाठ भरावी. नेहमींच्या कामावर निदान दोनशें किलोमीटर गाडी चालवावी. पुन्हां त्याच पंपावर तितकीच टाकी भरून लागलेले लिटर लिहून ठेवावे. असें तीन वेळां करून सरासरी काढावी. कांट्यावरून केलेला अंदाज खरा धरूं नये.

यांत एक फसवणूक मीटरचीच असते. मूळ मापापेक्षां मोठे टायर घातले असतील, तर चाकाच्या एका फेऱ्यांत गाडी अधिक पुढें जाते आणि मीटर कमी अंतर दाखवितें. पुणें-बेंगळूर महामार्गावर किलोमीटरचे दगड आहेत. त्यांवरून वीस किलोमीटर मोजून मीटर काय दाखवितें तें पाहावें. आमच्या गाडीचें मीटर वीसाच्या जागीं साडेअठरा दाखवीत होतें. ३७ लिटरांत २२२ किलोमीटर, म्हणजे लिटरास सहा, असें तें सांगे. खरें अंतर २४० किलोमीटर होतें आणि खरा हिशेब साडेसहाचा होता. अर्धा किलोमीटर गाडीनें खाल्लाच नव्हता.

पण हें माप आम्हीं मागाहून घेतलें, ही आमची चूक. त्याआधीं मिस्त्रीच्या सल्ल्यानें पंप व नोझल उतरवून दुरुस्त करविले होते. पंप दुरुस्त करणाऱ्यानें आपलें काम चोख केलें. त्याला जें विचारलें तें त्यानें केलें. आम्हीं प्रश्नच चुकीचा विचारला होता. गाडी परत आली आणि मीटरावर पुन्हां सहाच दाखवूं लागली. घरांत ती विकण्याची भाषा सुरू झाली. तेव्हां कोठें आम्ही वही घेऊन बसलों.

चाकांकडून आरंभ

इंजिनास हात लावण्यापूर्वीं गाडी मोकळी चालते कीं नाहीं हें पाहावें. सपाट जागीं गिअर व हँडब्रेक सोडून दोन माणसांनीं गाडी ढकलावी. ती सहज हलली पाहिजे, व थांबतांना एकदम अडकूं नये. मग ब्रेक फारसा न दाबतां आठ-दहा किलोमीटर गाडी चालवून थांबवावी आणि प्रत्येक चाकाच्या ड्रमाजवळ हाताची मागची बाजू न टेकवितां नुसती नेऊन पाहावी. चारांपैकीं एकच चाक तापलें असेल, तर तेथें ब्रेक घासत आहे किंवा बेअरिंग अति आवळलें आहे. कांहीं जुन्या जीपजातीच्या गाड्यांत हँडब्रेकचा ड्रम मागच्या शाफ्टवर असतो, तोही पाहावा.

ओढ्यांतून जाणाऱ्या गाडीचे व्हील सिलिंडर आंतून गंजतात. ब्रेक सोडला तरी लायनर ड्रमापासून पुरतें सुटत नाहीं. पायदान दाबतांना आरंभीं थोडीशी मोकळी चाल असावी. ती मुळींच नसेल तर मास्टर सिलिंडरांतून तेल परत येण्यास वाट मिळत नाहीं आणि चारी ब्रेक हळू हळू धरूं लागतात. आमच्या गाडीचें डावें मागचें चाक याच रोगानें तापत होतें. ब्रेकचें काम मात्र घरीं अर्धवट करूं नये. दोष शोधावा आपण, दुरुस्ती जाणत्या हातानें करवावी.

टायरांतील हवा थंड टायरावर, भरवशाच्या मापानें पाहावी. रानांत उतरतांना हवा कमी केली तर सडकेवर आल्यावर ती भरलीच पाहिजे. चारी टायर एकाच मापाचे व सारखे झिजलेले असावे. फोर-व्हील गाडीस ही गोष्ट इतर गाड्यांपेक्षां अधिक लागू आहे.

यानंतर फोर-व्हीलचा दांडा पाहावा. तो पूर्ण मागें आला आहे असें दिसलें तरी आंतील गिअर सुटला आहे असें नव्हे; पीळ बसलेला असला तर तो अडकून राहतो. अशा वेळीं गाडी सरळ रेषेंत कांहीं हात मागें घ्यावी. पीळ सुटून दांडा मोकळा होतो. ज्या गाडीस पुढच्या चाकांवर सोडतां-जोडतां येणारे हब आहेत, तिचे दोन्ही हब सडकेवर सोडलेले असावे. खूण सोपी आहे. पुढच्या शाफ्टवर खडूनें रेघ ओढावी, एकानें गाडी हातानें ढकलावी व दुसऱ्यानें बाजूस उभें राहून पाहावें. दांडा व हब दोन्ही सुटलेले असतांना शाफ्ट फिरतां कामा नये. हब कायमचे जोडलेले असतील तर शाफ्ट फिरणारच; तो दोष समजूं नये. 'लो' गिअर तर घाटांतल्या वाईट वाटेपुरताच वापरावा. त्यांत चाकाच्या प्रत्येक फेऱ्यामागें इंजिनास सुमारें दोन ते अडीच पट अधिक फिरावें लागतें.

हवा भरली, अडकलेला ब्रेक सोडविला आणि गंजून जोडलेलाच राहिलेला एक हब मोकळा केला. त्यानंतर त्याच २४० किलोमीटरांस आमच्या गाडीस ३२ लिटर लागले. म्हणजे लिटरास साडेसात. इंजिनास अजून कोणीं हात लावला नव्हता.

मग इंजिनाचा श्वास आणि ऊब

डिझेल नीट जळण्यास हवा पुरेशी लागते. एअर फिल्टर बुजला म्हणजे हवा कमी पडते, जोर लावतांना काळा धूर निघतो, आणि चालकाचा पाय आपोआप अधिक दाबला जातो. माण किंवा जतच्या धुळींत चालणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तकांत दिलेल्या मुदतीची वाट न पाहतां तपासावा. तेलाच्या वाटीचा जुना फिल्टर असेल तर तळाचा गाळ काढून खुणेपर्यंतच नवें तेल भरावें.

धुराचा रंग ओळखण्यास शिकावें. काळा धूर म्हणजे हवेच्या मानानें डिझेल अधिक. गरम झालेल्या इंजिनांतून पांढरा, डोळ्यांस झोंबणारा धूर येत राहिला तर डिझेल न जळतां बाहेर पडत आहे. कारण टायमिंग उशिराचें असेल किंवा कॉम्प्रेशन कमी झालें असेल. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे.

एक दोष आपल्याकडे मुद्दाम करून ठेवलेला असतो. इंजिन तापतें म्हणून कोणी थर्मोस्टॅट काढून टाकतो. मग पाणी सदैव रेडिएटरांतून फिरत राहतें आणि हिंवाळ्यांत, उतारावर किंवा थोड्या-थोड्या अंतराच्या फेऱ्यांत इंजिन कधींच पुरतें गरम होत नाहीं. थंड इंजिन अधिक डिझेल खातें व लवकर झिजतें. सुमारें ऐशीं अंशांच्या आसपास पाणी स्थिर राहिलें पाहिजे. तापण्याचें खरें कारण रेडिएटरांतील गाळ, ढिला पट्टा किंवा पाण्याचा पंप यांत शोधावें. थर्मोस्टॅट काढणें हा उपाय नव्हे. आमच्या गाडींतही तो नव्हताच. तो बसवून व फिल्टर साफ करून पुन्हां माप घेतलें, तेव्हां २४० किलोमीटरांस २८ लिटर लागले; लिटरास साडेआठाहून किंचित अधिक.

गळती, क्लच आणि माणसें

रात्रीं गाडीखालीं कोरा पुठ्ठा पसरून सकाळीं डाग पाहावे. नोझलावरून टाकीकडे परत जाणारी बारीक नळी व तिचे वायसर पुष्कळदां पाझरतात. घाटांत इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी त्या मानानें चढत नाहीं, असें झालें तर क्लच सरकत आहे. उभ्या गाडीचें इंजिन चालूं ठेवण्याची संवयही महाग पडते. असें इंजिन तासास अर्धा ते एक लिटर सहज जाळतें. द्राक्षांच्या पेट्या भरतांना किंवा हळदीच्या बाजारांत वाट पाहतांना तें बंद करावें. टाकीस कुलूप नसेल तर डिझेल इंजिनांतूनच गेलें असें मानण्याचें कारण नाहीं. मात्र वहीचा पुरावा असल्यावांचून चालकावर संशयही घेऊं नये. सडकेवर वेग ताशीं साठाच्या आसपास ठेवावा. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, आणि ह्या चौकोनी गाड्यांस तो विशेष बाधतो.

पंप शेवटीं

इतकें होऊनही माप सुधारलें नाहीं, तर टॅपेटचें अंतर, कॉम्प्रेशन, नोझलची फवारणी व पंपाचें टायमिंग ह्याच क्रमानें तपासणी करवावी. नोझलची परीक्षा यंत्रावर, माहितगाराकडूनच व्हावी. त्या फवाऱ्यासमोर हात कधींही धरूं नये. त्या दाबाचें डिझेल कातडींत शिरून हात गमावण्याची वेळ येते.

एका वेळीं एकाच वर्गांतील दुरुस्ती करावी व प्रत्येक दुरुस्तीनंतर माप घ्यावें, म्हणजे पैसा कोठें फळला हें कळतें. सर्व एकदम केलें तर गाडी सुधारेल, पण आपणांस ज्ञान मिळणार नाहीं, आणि पुढच्या वर्षीं तोच खर्च पुन्हां होईल.

वर्षास बारा हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा हिशेब करून पाहावा. लिटरास साडेसहानें सुमारें १,८४५ लिटर लागतात, साडेआठानें सुमारें १,४१०. हे चारशें पस्तीस लिटर म्हणजे कित्येक फेऱ्यांचें डिझेल; तें घासणाऱ्या ब्रेकांत, अडकलेल्या हबांत आणि थंड इंजिनांत जात होतें. आमची गाडी आम्हीं विकली नाहीं. तिच्या खणांत आतां एक वही व एक शिसपेन्सिल असते, आणि प्रत्येक वेळीं टाकी भरतांना तारीख, मीटर व लिटर त्यांत लिहिले जातात. आमच्या वाचकांनीं दुसरें कांहीं न केलें तरी एवढें अवश्य करावें.