हिवाळ्याचं विणकाम: शरदात सुया हातात घ्या, पण आधी टाके मोजा

विणकामाच्या व्हिडिओत हिशोब भराभर सांगावा लागला, त्यामुळे तो इथे सावकाश लिहून देते आहे. वही-पेन घेऊन बसा. हा धडा दोघींसाठी आहे : जिला थंडीत निवांत विणायला आवडतं तिच्यासाठी, आणि जिला त्यातून चार पैसे मिळवायचे आहेत तिच्यासाठी. बऱ्याचदा या दोघी म्हणजे एकच बाई असते, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते.

ऑक्टोबरमध्ये लोकर? हो, ऑक्टोबरमध्येच!

आपल्याकडे शरद ऋतू म्हणजे दुपारी ऑक्टोबर हीट आणि पहाटे हलका गारवा. कोजागिरीला गच्चीवर मसाला दूध पिताना पहिल्यांदा शाल आठवते. गिऱ्हाइकाला मात्र स्वेटर आठवतो तो थंडी अंगाला झोंबल्यावर. तेव्हा विणायला घेतलंत तर वस्तू तयार होईपर्यंत संक्रांत येते आणि तिळगुळाबरोबर थंडीही ओसरायला लागते. म्हणजे विक्रीचा काळ जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. विणायचं त्याच्या आधी.

उकाड्यात मांडीवर मोठी शाल घेऊन विणणं नको वाटतं. घामाने टाके सुईवर अडकतात, वीण घट्ट होते. म्हणून ऑक्टोबरमध्ये लहान वस्तू घ्या : टोपडं, मोजे, कानटोपी. सकाळच्या गारव्यात तासभर विणा. शाल, मोठ्यांचा स्वेटर दिवाळीनंतर. तेव्हा मांडीवरचं ओझंच ऊब देतं, आणि विणायची खरी मजा तेव्हाच येते.

दुकानात काय बघायचं?

१. लॉट नंबर. गुंड्याच्या लेबलवर शेडच्या नंबराबरोबर लॉट नंबरही असतो. शेड तीच पण लॉट वेगळा असेल तर रंगात किंचित फरक पडतो. दुकानातल्या दिव्याखाली तो दिसत नाही, उन्हात पाठीवर पट्टा दिसतो. एका वस्तूची सगळी लोकर एकदमच घ्या.

२. सुईचा नंबर. आपल्याकडे अजून जुनं ब्रिटिश माप चालतं. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिमी, १० नंबर म्हणजे सव्वातीन मिमी. इंटरनेटवरच्या नमुन्यात मिमी दिलेले असतात, त्यामुळे नवीन मुली इथेच फसतात.

३. लोकर की अ‍ॅक्रिलिक? आपण विणायच्या प्रत्येक धाग्याला 'लोकर' म्हणतो, पण बाजारातला बराचसा स्वस्त धागा अ‍ॅक्रिलिक असतो. शंका असेल तर छोटा तुकडा चिमट्यात धरून मोरीत जाळून बघा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो, ती लवकर विझते आणि राख बोटांनी चुरडता येते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि त्याची कडक गोळी होते.

अ‍ॅक्रिलिक वाईट नाही. धुवायला सोपं, किंमतही आवाक्यात, कसर लागत नाही. पण लेबलवर 'अ‍ॅक्रिलिक' असंच लिहा. बाळासाठी घेणाऱ्या आईला हेही सांगा की शेक-धुरी देताना हे कपडे शेगडीपासून लांब ठेवायचे, कारण ते वितळतात. खरी लोकर असेल तर गार पाण्यात, हाताने, न घासता धुवायची आणि सपाट वाळवायची. गरम पाण्यात घासली की ती आटते आणि घट्ट होते. एवढी दोन वाक्यं सांगितलीत की गिऱ्हाईक तुमच्यावर विश्वास ठेवतं.

मुंबई-कोकणातल्या मैत्रिणींनो, तुमच्याकडची थंडी बेताचीच. तिथे सुती धाग्याचा विचार करा.

नमुना विणा : सगळा हिशोब इथून निघतो

१० सेंमी बाय १० सेंमीचा चौकोन विणा. त्यातून तीन आकडे काढा :

- रुंदीत किती टाके, उंचीत किती ओळी बसल्या
- चौकोनाचं वजन किती (स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालेल)
- मिनिटाला किती टाके होतात (१० मिनिटं घड्याळ लावून विणा, टाके मोजा, १० ने भागा)

आता उदाहरण. समजा १० सेंमीत २० टाके आणि २८ ओळी आल्या, चौकोन ५ ग्रॅमचा आहे, आणि वेग मिनिटाला ३० टाके. विणायचाय २० सेंमी रुंद आणि १५० सेंमी लांब मफलर.

- टाके : ४० टाके × ४२० ओळी = १६,८०० टाके
- वेळ : १६,८०० ÷ ३० = ५६० मिनिटं, म्हणजे ९ तास २० मिनिटं
- लोकर : मफलरमध्ये असे ३० चौकोन बसतात. ३० × ५ = १५० ग्रॅम, त्यावर १० टक्के जादा, म्हणजे १६५ ग्रॅम

लोकर १०० ग्रॅमला १२० रुपये धरली तर १९८ रुपये. पिशवी-लेबलचे २० रुपये. मजुरी तासाला ६० रुपये धरली तर ५६० रुपये. एकूण खर्च ७७८ रुपये.

आणि आपण तो मफलर विकतो कितीला? 'अगं, ओळखीतलेच आहेत' म्हणून ३५० ला. त्यातून सामानाचे २१८ वजा करा. उरले १३२. भागिले सव्वानऊ तास. तुमच्या हाताला तासाला जेमतेम १४ रुपये मिळाले.

हा आकडा मी वर्गात फळ्यावर लिहिते तेव्हा सगळ्या गप्प होतात. मग कुणीतरी म्हणतंच, "पण मॅडम, मी टीव्ही बघता बघताच विणते, त्याचे कसले पैसे?" ताई, टीव्ही तुम्ही बघता, पण टाके तर तुमचेच हात घालतात ना? मान अवघडते ती तुमची, डोळ्यांना चष्मा लागतो तो तुम्हाला. घरात बसून केलेलं काम फुकट धरायची सवय आपल्याला इतकी लागली आहे की आपणच आपल्या मजुरीपुढे शून्य लिहितो. गिऱ्हाइकाने घासाघीस करण्याआधीच!

मजुरीचा आकडा माझाच धरा असं नाही. तुमच्या गावात फॉल-पिको करणारीला तासाला साधारण किती सुटतात ते विचारा आणि तिथून सुरुवात करा.

मग विकायचं काय?

गिऱ्हाईक मफलरला ७७८ देणार नाही हे मलाही कळतं. म्हणून किंमत पाडायची नाही, वस्तू बदलायची. दोन वाटा आहेत.

जाड धागा. तोच मफलर जाड धाग्यात, १० सेंमीत १२ टाके आणि १६ ओळी आल्या तर फक्त ५,७६० टाके होतात. जाड सुईवर वेग थोडा कमी, मिनिटाला २४ धरा. तरी ४ तासांत काम संपतं. लोकर वजनाने जास्त लागते, पण मजुरी ५६० वरून २४० वर येते.

लहान वस्तूंचा संच. बाळंतविडा! टोपडं, पायमोजे, हातमोजे. टोपड्याला साधारण १०० मिनिटं, पायमोज्यांना ८०, हातमोज्यांना ६०, शिवणं आणि टोकं लपवणं ३०. एकूण साडेचार तास. लोकर ७० ग्रॅम म्हणजे ८४ रुपये, मजुरी २७०, डबा-लेबल ३०. खर्च ३८४. त्यावर २० टक्के नफा धरला की किंमत ४६० रुपये. मजुरी आणि नफा या वेगळ्या गोष्टी आहेत बरं का. मजुरी तुमच्या हाताची, नफा धंद्याचा. न विकलेला माल, वाया गेलेले नमुने या नफ्यातूनच भरून निघतात.

आणि बाळंतविडा घेणारा माणूस भेट घेत असतो, त्यामुळे तो बाजारातल्या मशीनच्या टोपीशी किंमत ताडून बघत नाही. संक्रांतीच्या बोरन्हाणासाठी काळं टोपडं आणि पांढरी किनार असा संचही ठेवा. फक्त काळी लोकर दिवसाउजेडी विणा, रात्री टाके दिसत नाहीत.

ऑर्डर किती घ्यायच्या?

रोज दीड तास, आठवड्यातून ६ दिवस, म्हणजे ९ तास. दसऱ्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत साधारण ९ आठवडे धरा. त्यातला दिवाळीचा एक आठवडा सोडा. उरले ७२ तास. आजारपण, पाहुणे, उसवून पुन्हा विणणं यासाठी २० टक्के काढून ठेवा. राहिले साधारण ५८ तास, म्हणजे १२ संच. तेराव्या ऑर्डरला "जानेवारीत देते" म्हणायचं. निम्मे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय टाके घालायचे नाहीत, मग ती सख्खी नणंद का असेना. ठरलेला दर सगळ्यांना सारखा असला की नात्यात कुरबुर होत नाही.

आणि तुमची स्वतःची टोपली?

माझ्या एका बॅचमधल्या ताई हिवाळाभर ऑर्डरी करत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "पैसे मिळाले, पण आता सुया बघवत नाहीत." धंद्यात हेही नुकसानच आहे, फक्त ते वहीत दिसत नाही.

म्हणून दोन टोपल्या ठेवा. एक ऑर्डरची : तिच्यात घड्याळ, वही, लॉट नंबरच्या चिठ्ठ्या. दुसरी तुमची : तिच्यात आवडत्या रंगाची लोकर, आणि हिशोब अजिबात नाही. तिच्यातला मफलर १७ तासांत झाला काय आणि ४० तासांत झाला काय, कुणी विचारणार नाही. रविवार त्याच टोपलीचा. चहा, खिडकीतलं ऊन, एक सुलट एक उलट. या टोपलीतलं काही कुणी विकत मागितलं तर सरळ सांगा : "हे विकायचं नाही."

या आठवड्याचा गृहपाठ : एकच चौकोन विणा, तीन आकडे काढा, आणि गेल्या वर्षी विकलेल्या एका वस्तूवर तुम्हाला तासाला किती रुपये मिळाले ते वहीत लिहा. तो आकडा बघूनच यंदाची पहिली किंमत ठरवा.