खटका का पडतो?

आपल्या घरी मीटरजवळ एक पेटी असते. तिच्यातल्या खटक्यांना एमसीबी म्हणतात. खटका पडला की कोणीतरी उठून तो वर करते. पुन्हा पडला की पुन्हा वर. आमच्या घरीही असेच चालायचे.

आधी खटक्याच्या पोटात काय असते ते सांगतो. त्यात दोन वेगळ्या धातूंची जोडपट्टी असते. प्रमाणाबाहेर वीज वाहिली की ती तापते. दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून पट्टी हळूहळू वाकते आणि खटका पाडते. शिवाय तारेचे एक वेटोळे असते. फेज आणि न्यूट्रल चिकटून शॉर्ट झाले की वेटोळ्याचे जोरदार लोहचुंबक होते आणि खटका क्षणात पडतो. असा खटका १९२४ साली जर्मनीत ह्युगो स्टोट्झ यांच्या कारखान्यात तयार झाला. तेव्हा खटका पडला की आधी बघायचे, तो किती वेळाने पडला? वर करताच पडला तर बहुधा शॉर्ट. पंधरा-वीस मिनिटांनी पडला तर बहुधा भार जास्त.

आमचा पंधरा-वीस मिनिटांनी पडायचा. आमचे गाव इगतपुरी तालुक्यात. पावसाळ्यात सरपण ओले, म्हणून आई विजेची शेगडी लावते. ती २००० वॅटची. त्याच वेळी आंघोळीच्या पाण्याचा हीटर, तो १५०० वॅटचा. बेरीज ३५००. भागिले २३० व्होल्ट, म्हणजे सुमारे १५ अँपिअर. खटक्यावर लिहिले होते १०! गणिताच्या वहीत हे उदाहरण सोडवले तेव्हा मलाच हसू आले.

चुलते म्हणाले, "मोठा खटका आणून बसव, ३२ चा." गुरुजींना विचारले तर ते म्हणाले, "वीज दुप्पट झाली तर वायर चौपट तापते. खटका वायरीची जाडी बघून बसवायचा असतो, शेगडी बघून नव्हे." जुन्या फ्यूजमध्ये जाड तार घालतात, तीही हीच चूक. आता आमच्याकडे आधी पाणी तापते, मग शेगडी लागते.

पण पुढे दुसराच खटका पडू लागला. त्याच्यावर 'टी' लिहिलेले बटण असते. तो ईएलसीबी. गेलेली वीज तेवढीच परत आली की नाही, एवढेच तो मोजतो. वाटेत ३० मिलिअँपिअर जरी जमिनीत गळाली तरी तो पडतो. हा पडायचा फक्त रात्री, आणि तोही पाऊस असेल तेव्हाच. चुलते वैतागून म्हणाले, "ते डबडं काढून सरळ जोडून टाक."

वडिलांनी तसे केले नाही. सकाळी पायात रबरी चप्पल घालून, कोरड्या हातांनी त्यांनी घरातली सगळी बटणे बंद केली, प्लग काढले आणि खटका वर केला. तो टिकला. मग एकेक बटण लावत गेले. मी वहीत लिहीत होतो. स्वयंपाकघर ठीक. माजघर ठीक. ओटा ठीक. गोठ्याचे बटण लावले आणि खाट! पडला. पेटी उघडायची नाही, म्हणून वायरमनकाकांना बोलावले.

गोठ्याची वायर पत्र्याच्या कडेला घासून सोलली होती. गोठ्याच्या मेढी लाकडी. कोरड्या असताना वीज जमिनीत उतरत नसे, भिजल्या की उतरे. काका गप्प राहून एका तारेकडे बघत होते. ती पत्र्याला बांधलेली होती. तिच्यावर आई रोज धुणे वाळत घालते.

चुलते काहीच बोलले नाहीत. दुपारी त्यांनीच ती तार सोडली आणि नायलॉनची दोरी बांधली, तीही आंब्याला, गोठ्यापासून लांब. वायरमनकाकांनी गोठ्यासाठी नवी वायर पाइपातून नेली आणि अर्थिंगही तपासले. जाताना सांगितले, वर केलेला खटका लगेच पुन्हा पडला तर तिसऱ्यांदा वर करू नका, आणि जळका वास आला तर एकदाही नको.

आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी 'टी' बटण दाबतो. खटका पडला की समजायचे, तो जागा आहे. आजी दर वेळी ओरडते, "चांगली लाईट होती की रे, घालवली कशाला?"

— इयत्ता सातवी