लांबीखालचा पत्रा

रेवदंडा

चि. बाळ,

तू पाठवलेले मॉरिस एटचे फोटो मी चष्मा लावून, मोठे करून करून पाहिले. 1936 ची चार माणसांची उघडी टूरर, हिरवे मडगार्ड, नवाकोरा खाकी टप. गाडी देखणी आहे. पण रंग मारण्याआधीची गाडी एकाही फोटोत नाही. ज्यानं जीव ओतून अशी मोटार उभी केली, त्याच्याकडे सोललेल्या सांगाड्याचे फोटो असतातच, आणि तो ते न मागता दाखवतो. विकणाऱ्याकडून आधी ते मागून घे.

मी एसटीच्या कार्यशाळेत असताना संध्याकाळी एका गॅरेजात पत्र्याची कामं करायचो, हे तुला ठाऊक आहे. पुढचं कधी सांगितलं नव्हतं. तिथं एक जुनी उघडी मोटार विकायला तयार करायची होती. दाराखालची पायरी सडून चाळण झाली होती. कापून नवा पत्रा जोडायला आठवडा गेला असता, आणि मालकाला घाई होती. मी लांबी भरली, पॉलिश पेपर मारला, वर रंग चढवला. हात फिरवला तर काच वाटावी इतकं गुळगुळीत. गाडी चौलच्या एका मास्तरांनी घेतली. पहिल्याच पावसात रंगाला फोड आले, आणि गणपतीत त्यांच्या मुलाच्या पायाखाली ती पायरी खचली. मी जाऊन पदरच्या पैशानं पत्रा बदलून दिला. मास्तर एक शब्द बोलले नाहीत, चहा दिला. तो चहा मला गिळवला नाही.

म्हणून जाताना लोहचुंबक ने. मऊ कापडात गुंडाळ, रंगाला ओरखडा नको. दारांची खालची कड, मडगार्डच्या आतली बाजू, पायरी, सगळीकडून सावकाश फिरव. चुंबक ओढ घेईल तिथं पत्रा आहे, नुसताच घसरेल तिथं माझ्यासारख्या कुणाचा तरी हात फिरला आहे.

पत्र्याहूनही लाकूड महत्त्वाचं. या गाडीची बॉडी म्हणजे लाकडी चौकटीवर ठोकलेला पत्रा. इंग्लंडात ती चौकट अ‍ॅशच्या लाकडाची करत, आपल्याकडचे सुतार दुरुस्तीत सागवान घालतात, त्यात वावगं काही नाही. अ‍ॅशला मात्र वाळवी लागते. बिजागरीजवळ स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून आवाज ऐक. दार अर्धं उघडून हलकेच वर उचल. ते वरखाली झालं आणि बिजागरी घट्ट असली, तर आतला खांब गेला असं समज. बंद गाडीला छत सावरून धरतं, उघडीला तो आधार नाही.

इंजिन साधं आहे, 918 सीसीचं, चार सिलिंडरचं. पण त्याला पाण्याचा पंप नाही. तापलेलं पाणी आपोआप वर चढतं, रेडिएटरमध्ये निवून खाली उतरतं, एवढ्यावरच ते थंड राहतं. आत क्षार साचले की हा प्रवास अडतो, आणि कार्लेखिंडीच्या चढावर वाफ निघते. आपल्या किनाऱ्यावर विहिरीचं पाणी मचूळ, ते त्यात कधीही घालू नकोस. पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी गाळून कॅनमध्ये भरून ठेव. ब्रेक तेलाचे आहेत. त्या काळात ऑस्टिन सेव्हनला तारेचे ब्रेक होते, तेव्हा मॉरिसनं हे दिलं होतं. पण ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि ओल आपल्याकडे बारमाही. दरवर्षी न चुकता बदलायचं.

आता तुझ्या बेताविषयी. होमस्टेच्या पाहुण्यांना मांडव्याच्या जेट्टीवरून या गाडीनं नागावला आणायचं, असं तू लिहिलंस. ते होणार नाही. 2021 साली केंद्राच्या मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांची वेगळी तरतूद झाली. अशी नोंद झालेली गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती अशा कामांसाठीच. शिवाय पन्नास वर्षांहून जुनी असून भागत नाही, चेसिस, बॉडी, इंजिन मूळचं लागतं. आपल्याकडे अशा गाड्यांत भलतीच इंजिनं बसवलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत. तेव्हा आरसी बुक समोर ठेवून चेसिस आणि इंजिन दोन्हींचे नंबर स्वतः वाच. गाडीचा जुना नंबर नोंदलेला असेल तर तोच पुढे चालतो. तो जपण्याजोगा आहे.

धंद्याचं गणित यात बसत नसेल तर गाडी घेऊ नकोस, मला वाईट वाटणार नाही. पण घ्यायचीच असेल तर घरासाठी घे. तुझ्या आजीला अँबॅसिडर फार आवडायची. ती अँबॅसिडर मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, म्हणजे ही त्याच घराण्यातली, वीसेक वर्षांनी मोठी. आजीला मागच्या सीटवर बसव, टप खाली कर आणि पेट्रोल भरायच्या निमित्तानं संध्याकाळी आक्षीपर्यंत ने.

मुंबईहून आणताना भाऊच्या धक्क्यावरून रो-रोनं आण, इतक्या लांबच्या रस्त्यावर तिला ताणू नकोस. पण उतरल्याबरोबर गोड्या पाण्यानं खालून धू, स्प्रिंगच्या पाट्यांच्या फटींतूनसुद्धा. तिला ठेवायला गोठ्याची जागा बरी आहे, फक्त समुद्राकडची खिडकी बुजव. प्लास्टिकच्या ताडपत्रीत गुंडाळू नकोस, आत घाम धरतो. सुती कापड घाल.

येत्या रविवारी मी बरोबर येतो. सकाळी आठच्या आत पोहोचू. विकणाऱ्याला आजच फोन करून सांग, की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. बॉनेटला हात लावल्यावर ते थंड लागलं पाहिजे, तापवून ठेवलेलं इंजिन कुणाचंही सुरू होतं.

तुझा
मामा