गोधडीतून चालणारा रिमोट

आषाढ लागला की आमच्या पाटण तालुक्यात ऊन विसरायचे आणि गोधड्या बाहेर काढायच्या. खाचरे भरतात, भाताची लावण सुरू होते आणि घरातली धडधाकट माणसे डोक्यावर इरले नाहीतर प्लॅस्टिकचा कागद घेऊन सकाळीच रानात जातात. घरी उरतात लहान मुले आणि म्हातारी माणसे. गेल्या पावसाळ्यात अशाच एका दुपारी शेजारची सातवीतली मुलगी हातात रिमोट घेऊन माझ्याकडे आली.

“काका, ह्यो अर्धाच बिघडलाय. बाबा म्हणत्यात कराडला जाऊन बदलून आणू.”

“अर्धा म्हणजे कसा?”

“बाणाची बटणं गोधडीतनंबी चालत्यात. आवाजाचं आन् चालू-बंदचं बटण मात्र आजीच्या खाटंवरनं कधीच चालत नाही.”

तिच्या आजींचे खुब्याचे हाड मोडल्यापासून त्या माजघरात खाटेवर असतात. त्यांच्यासाठी मुलाने टीव्हीच्या पाठीमागे खोचायची, इंटरनेटवरून कार्यक्रम आणणारी कांडी घेतली होती. हवे ते कीर्तन हव्या त्या वेळी लावता येते, म्हणून आजी खूष होत्या. पण वीज जाऊन आली की टीव्ही बंदच राहायचा, आणि तो चालू करायला रानातून कोणी परत येईपर्यंत त्या छताकडे बघत पडून राहायच्या. म्हणजे प्रश्न एका बटणाचा असला तरी लहान नव्हता.

मुलीने बिघाड किती नेमका सांगितला पाहा! काय चालते, काय चालत नाही आणि कुठून चालत नाही, हे तिने तीन वाक्यांत सांगितले. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आमचे विद्यार्थी बहुधा “सर, चालत नाही” एवढेच सांगतात.

विद्यार्थी मित्रांनो, हा रिमोट बिघडलेला नव्हता. एका डबीत दोन रिमोट होते, एक जुन्या जातीचा आणि एक नव्या. ते ओळखायला आम्ही फोनचा कॅमेरा घेतला. तुम्हीही हा प्रयोग करा. खोलीत जरा अंधार करा, रिमोटचे टोक कॅमेऱ्यासमोर धरा आणि पडद्याकडे पाहत बटणे दाबा. आवाजाचे बटण दाबताच रिमोटच्या टोकाशी जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला. बाणाचे बटण दाबले, तर काहीच दिसले नाही. (काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्यावर हा प्रकाश अडवणारी गाळणी दाट असते. ठिपका दिसला नाही तर पुढचा कॅमेरा वापरून पाहा.)

हा ठिपका म्हणजे अवरक्त प्रकाश. आपल्या डोळ्यांना साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. रिमोटमधला डायोड बहुधा ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश देतो. आपल्याला तो दिसत नाही, कॅमेऱ्यातल्या सिलिकॉनला मात्र दिसतो. तेव्हा जुन्या जातीचा रिमोट म्हणजे न दिसणारी विजेरी. विजेरीचा झोत गोधडीतून जात नाही, भिंतीतून जात नाही, धान्याच्या कणगीतूनही जात नाही. आणि नेमकी आजींच्या खाटेच्या व टीव्हीच्या मध्ये भाताने भरलेली कणगी होती! खाटेवरून टीव्हीचा पडदा दिसे, पण टीव्हीचा ‘डोळा’ असतो खालच्या कडेला. तो कणगीआड जात होता.

आता तुम्ही विचाराल, अवरक्त प्रकाश तर सूर्यापासून येतो, चुलीपासून येतो, आपल्या अंगातूनही निघतो. मग त्या सगळ्यातून टीव्हीला रिमोटचा प्रकाश कसा ओळखू येतो? हा प्रश्न पूर्वी खरोखरच नडला होता. अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीने १९५५ साली प्रकाशाने चालणारा रिमोट काढला. टीव्हीच्या चार कोपऱ्यांत चार प्रकाशघट होते, आणि ज्या कोपऱ्यावर झोत मारावा तसा हुकूम बजावला जाई. पण खिडकीतून ऊन पडले की टीव्ही मनाला येईल तसा वागे. पुढच्याच वर्षी रॉबर्ट ॲडलर यांच्या रचनेचा नवा रिमोट आला. त्याच्यात ॲल्युमिनियमचे छोटे दांडे होते. बटण दाबले की दांड्यावर हातोडी बसे आणि माणसाला ऐकू न येणारा स्वनातीत ध्वनी निघे. त्याला विद्युत्‌घटही लागत नव्हता! तेव्हा आपल्याकडे मुंबई दूरदर्शनसुद्धा नव्हते, ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतरही कितीतरी वर्षे आमच्याकडे घरातले सर्वांत धाकटे पोर हाच रिमोट असे. मी ते काम पुष्कळ केले आहे.

अवरक्त रिमोटने उन्हाची अडचण युक्तीने सोडवली. त्याचा दिवा सलग पेटत नाही, तो बहुधा सेकंदाला ३८,००० वेळा लुकलुकतो. टीव्हीचा डोळा याच लयीच्या प्रकाशाकडे लक्ष देतो, बाकीच्याकडे दुर्लक्ष करतो. यात्रेच्या गर्दीत, ढोलताशांच्या दणदणाटात आपल्या सोबत्याची ठरावीक शीळ कानाला बरोबर ओळखू येते, तसेच हे. मुलीने लगेच विचारले, “मग कॅमेऱ्यात एवढं कमी येळा का लुकलुकला?” कॅमेरा सेकंदाला तीसेक चित्रे घेतो. त्याला ३८,००० उघडझाप वेगवेगळ्या दिसणे शक्यच नाही. त्याला दिसतात ते लुकलुकाटाचे गट आणि त्यांच्यामधली मोठी विश्रांती.

निरोप लिहिलेला असतो तो या गटांत आणि त्यांच्यामधल्या छोट्या विश्रांतींत. प्रचारात असलेल्या एका पद्धतीत आधी ९ मिलिसेकंद लुकलुकाट असतो (९ मिलिसेकंदांत ३८,००० च्या लयीने ३४२ उघडझाप होतात) आणि मग ४.५ मिलिसेकंद शांतता. ही झाली हाक. त्यानंतर ३२ द्विमान अंक येतात. ‘०’ ला १.१२५ मिलिसेकंद लागतात आणि ‘१’ ला त्याच्या दुप्पट. पहिले आठ अंक कोणत्या यंत्रासाठी निरोप आहे ते सांगतात, पुढचे आठ अंक तेच, पण उलटे करून, म्हणजे ० च्या जागी १ आणि १ च्या जागी ०. मग आठ अंक हुकुमाचे आणि आठ त्याच्या उलट. दोन्ही जुळले नाहीत तर टीव्ही निरोप टाकून देतो. या उलट्या प्रतीमुळे आणखी एक गंमत होते. हुकूम कोणताही असो, एकूण १६ शून्ये आणि १६ एकच येणार. म्हणून हाकेसकट प्रत्येक निरोपाला सारखाच वेळ लागतो. किती, ते आकडेमोड करून पाहा. उत्तर ६७.५ मिलिसेकंद यायला हवे.

आता नव्या जातीकडे वळू. बाणाची बटणे प्रकाश पाठवत नाहीत, रेडिओ तरंग पाठवतात. त्या पद्धतीचे नाव ब्लूटूथ. वारंवारता सुमारे २.४ गिगाहर्ट्‌झ, म्हणजे तरंगलांबी जवळजवळ साडेबारा सेंटिमीटर. प्रकाश हाही विद्युत्‌चुंबकीय तरंग आणि हाही तसलाच, पण गोधडीच्या कापसाला आणि कापडाला तो जाणवतच नाही म्हटले तरी चालेल. कणगीला वळसा घालून आणि तिच्यातून, थोडा क्षीण होत का होईना, तो पोचतो. धातू मात्र त्याला अडवतो. कांडी टीव्हीच्या पाठीशी दडलेली असते, म्हणून पुष्कळदा तिच्याबरोबर वीतभर जोडतार देतात, ती पत्र्यापासून जरा दूर राहावी एवढ्यासाठी. भिंतीपलीकडून हुकूम देणे ही कल्पना काही नवी नाही. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात असे तरंग भिंतीपार पाठवून घंटा वाजवून दाखवली होती.

पण भिंत पार करण्यापेक्षाही मोठा फरक दुसराच आहे. आमच्या घरीही तशीच कांडी आणि त्याच कंपनीचा टीव्ही आहे. मी मुलीला म्हटले, “तुझा रिमोट आमच्या टीव्हीवर चालवून बघ.” तिने चालू-बंदचे बटण दाबले आणि आमचा टीव्ही बंद झाला! पुन्हा दाबल्यावर चालू झाला. मग बाण दाबले, तर आमची कांडी ढिम्म. तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ पळत आला, “तायडे, आजीचं कीर्तन पुढं पळालं की!” मध्ये दोन भिंती असूनही तिचा रिमोट तिच्याच घरच्या कांडीशी बोलत होता.

अवरक्त रिमोट हा दवंडी देणारा आहे. दवंडी ज्याच्या कानावर पडेल आणि ज्याला ती भाषा समजेल तो ऐकेल. ऐकले की नाही, हे देणाऱ्याला कधीच कळत नाही. ब्लूटूथ रिमोटचे तसे नाही. पहिल्यांदा त्याची आणि कांडीची ओळख करून द्यावी लागते. त्या वेळी दोघांमध्ये एक गुप्त संख्या ठरते आणि पुढचे सगळे बोलणे तिच्या कुलपात होते. शिवाय हे बोलणे दोन्ही बाजूंनी चालते. कांडीकडून पोच आली नाही तर रिमोट पुन्हा सांगतो. याच वारंवारतांवर घरातले वायफायही गलबला करत असते, म्हणून दोघे ठरल्याप्रमाणे भराभर जागा बदलत बोलतात. कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथमध्ये अशा ४० जागा आहेत. आणि हीच ओळख काही कारणाने पुसली गेली, तर तो रिमोट आपल्याच कांडीला परका होतो. जुन्याच्या बाबतीत ही भानगड नाही, घट बदलले की काम संपले.

नव्या रिमोटमध्ये तोंडी हुकूम देता येतो, तोही रेडिओमुळेच. वरच्या पद्धतीने अवरक्त रिमोट सेकंदाला पाचशेदेखील द्विमान अंक पाठवू शकत नाही. टेलिफोनवरच्या साध्या आवाजाला सेकंदाला ६४,००० अंक लागतात. आवाज कितीही दाबून बसवला तरी तो त्या अरुंद वाटेने जाणे कठीण.

मग एवढा शहाणा रेडिओ असताना आवाजाच्या बटणाला जुना दिवा कशाला? कारण टीव्हीचे कान जुने! ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक २०१७ साली भारतात आली, तेव्हा तिच्या रिमोटवर टीव्हीच्या आवाजाची बटणेच नव्हती. लोकांना दोन रिमोट सांभाळावे लागत. २०१८ सालच्या नव्या रिमोटवर ती बटणे आली, आणि त्यांच्यासाठी अवरक्त दिवा पुन्हा बसवावा लागला. काही टीव्हींना असा हुकूम कांडीच्या तारेतूनही देता येतो, पण आजींच्या टीव्हीत ती सोय नव्हती. मला विचाराल तर टोकाचा हा दिवा अजून बरीच वर्षे राहील. घरातला टीव्ही कोणी दरवर्षी बदलत नाही.

राहता राहिली कणगी. भाताने भरलेली कणगी हलवणे शक्य नव्हते. “प्रकाशच हाय न्हवं? मग वळवू की,” मुलगी म्हणाली. आधी समोरच्या भिंतीवर झोत मारून पाहिला. चुन्याची भिंत अवरक्त किरण परत टाकते खरी, पण सगळीकडे विखरून. सोप्यातल्या धुराने काळवंडलेल्या भिंतीवरून टीव्हीपर्यंत पुरेसा प्रकाश पोचेना. मग तिने वडिलांचा दाढीचा आरसा आणला. मी तो सोप्याच्या भिंतीवर धरून हळूहळू फिरवत होतो आणि ती आजींच्या उशीला डोके लावून बघत होती. आपल्याला आरशात टीव्हीची खालची कड दिसली, की उशीवरून निघालेला किरणही त्याच वाटेने उलटा तिथे जाणार. “दिसली!” ती ओरडली. तिथेच खिळा ठोकला आणि आरसा हलू नये म्हणून खाली कागदाची घडी सारली.

आजींना एवढेच सांगावे लागले, की आवाजासाठी हात गोधडीबाहेर काढायचा आणि टीव्हीकडे न धरता आरशाकडे धरायचा. त्यांनी दोनदा चुकून टीव्हीकडेच धरला. तिसऱ्यांदा मृदंगाचा आवाज सोप्यातून माजघरापर्यंत स्वच्छ आला.