अठरा इंचांचा मासा



शेकडेवारी किंवा घन शिकवताना "याचा उपयोग काय?" हा प्रश्न कुठला ना कुठला विद्यार्थी विचारतोच. या वेळी उत्तर शोधायला एका बोटीवर जाऊ या. बोट अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याची, महिना जूनचा. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या असतात. तिकडे मात्र याच दिवसांत हौशी मासेमारीचा हंगाम रंगात येतो.

तिकडे या बोटीला 'पार्टी बोट' म्हणतात. नावावर जाऊ नका, नाचगाणं काही नसतं. माणशी तिकीट काढायचं, गळाची काठी भाड्याने घ्यायची आणि अनोळखी लोकांच्या खांद्याला खांदा लावून कठड्याशी उभं राहायचं. डोक्यागणिक पैसे घेतात म्हणून तिला 'हेड बोट' असंही नाव आहे. अटलांटिक हायलँड्स, बेलमार, पलीकडे ब्रुकलिनमधलं शीप्सहेड बे, अशा बंदरांतून या बोटी रोज सुटतात. एडिसन भागात राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांना तर अटलांटिक हायलँड्सचं बंदर फार लांब नाही.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला सगळ्यांचं लक्ष असतं 'फ्लूक' या माशावर. हा चपटा मासा म्हणजे आपल्या लेपाचा लांबचा नातलग. जन्मतो तेव्हा दोन्ही बाजूंना एकेक डोळा. वाढता वाढता उजवा डोळा सरकत डाव्या बाजूला येतो आणि मग हा गडी उजव्या कुशीवर वाळूत पडून राहतो. अंगाचा रंगही वाळूसारखा करतो. मुलांना हे सांगा, पुढचा तास ती आपोआप ऐकतील. थंडीत हा मासा दूर खोल समुद्रात असतो, वसंतात किनाऱ्याकडे येतो. उथळ खाडीचं पाणी आधी तापतं, म्हणून सुरुवातीचे मासे बहुधा खाडीत आणि खाडीच्या मुखाशी मिळतात.

आता बोटीवर काय चालतं ते बघा. तांडेल इंजिन बंद करून बोट वाऱ्यावर आणि प्रवाहावर सोडतो. शिशाचं वजन तळाला टेकलेलं, गरीला माकुलाची पट्टी. बोट सरकते तसं आमिष वाळूवरून ओढलं जातं आणि फ्लूक झडप घालतो. वारा एका दिशेने आणि ओहोटी उलट दिशेने असेल तर बोट जागच्या जागी राहते, आमिष हलत नाही, मासा लागत नाही. आणखी एक गंमत. नैर्ऋत्येचा वारा दोन-चार दिवस सलग वाहिला, की वरचं तापलेलं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकललं जातं आणि त्याच्या जागी खालचं थंड पाणी वर येतं. बाहेर कडक ऊन, पण पाणी गार! मासे सुस्तावतात. केरळच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात असंच तळाचं पाणी वर येतं. भूगोलाच्या शिक्षकांनी हे उदाहरण सोडू नये.

पण मी हा पाठ निवडला तो पट्टीसाठी. बोटीवरचा प्रत्येक फ्लूक पट्टीवर ठेवला जातो. अलीकडे न्यू जर्सीत 18 इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे 45.7 सेंटिमीटरपेक्षा लहान फ्लूक ठेवता येत नाही (काही ठिकाणी माप थोडं वेगळं आहे), आणि माणशी 3 च मासे नेता येतात. नियम वर्षागणिक बदलतात. साडेसतरा इंचांचा मासा? परत पाण्यात. ऐकायला किती न्याय्य वाटतं!

आता फळ्यावर गणित मांडा. समजा, दिवसभरात बोटीवर 40 फ्लूक लागले आणि त्यातले 4 मापात बसले. 36 परत सोडले. गरी खोल गेल्यामुळे किंवा हाताळणीमुळे सोडलेल्यांतले काही मरतात. साठ्याचा अंदाज बांधताना शास्त्रज्ञ हे प्रमाण 10 टक्के धरतात. 36 चे 10 टक्के, 3.6. म्हणजे घरी नेले 4 आणि कुणाच्याही ताटात न पडता मेले जवळजवळ तितकेच. इथे वर्गात शांतता पसरते. पसरू द्या.

दुसरी अडचण याहून गहन. फ्लूकमध्ये माद्या नरांपेक्षा मोठ्या होतात, त्यामुळे मापात बसणारे मासे बहुतांशी माद्याच असतात. मासा सारख्याच आकारात वाढला असं धरलं तर वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं: 14 इंचांच्या माशापेक्षा 18 इंचांचा मासा सव्वा पट लांब, पण वजनाने दुपटीहून जड. जड मादी, जास्त अंडी. आपण लहानांना वाचवतो आणि नेमक्या आयांना उचलतो. त्यातून बोटीवर पैसे गोळा करून सगळ्यांत मोठ्या माशाला बक्षीस द्यायची पद्धत आहे, ती वेगळीच.

त्याच बोटीवर, त्याच जूनमध्ये, 'स्ट्राइप्ड बास' लागला तर मात्र पट्टी वेगळी वाचतात. 2023 पासून समुद्रात हा मासा 28 ते 31 इंचांच्या दरम्यानचाच ठेवता येतो. लहानही परत, मोठी आईही परत. मला हा नियम जास्त शहाणपणाचा वाटतो. पण मुलांना तसं आधी सांगू नका. दोन गट करा, एकाला फ्लूकचा नियम द्या, दुसऱ्याला बासचा, आणि भांडू द्या. कुणीतरी नक्की म्हणेल, "इतकी अरुंद पट्टी ठेवली तर परत सोडलेले मासे आणखी वाढतील, मग मरणारेही वाढतील." त्या मुलाला 36 चं गणित पुन्हा करायला लावा, या वेळी आकडे त्याचे.

मग आपल्या किनाऱ्याकडे या. महाराष्ट्राने 2023 मध्ये 54 प्रजातींसाठी किमान माप ठरवलं. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. पण इथे एक फरक मुलांनीच शोधायला हवा: गळाला लागलेला मासा जिवंत सोडता येतो, जाळ्यातला बोटीवर येईपर्यंत बहुधा मेलेला असतो. मेलेल्या माशाला पट्टी लावून काय उपयोग? मग नियम माशाच्या लांबीवर लावायचा की जाळ्याच्या आसावर?

गृहपाठ म्हणून बाजारात जाताना मुलांच्या हाती पट्टी द्या. कोळीण मावशींना आधी विचारायचं, मगच पाच बोंबील मापायचे आणि लांबी वहीत लिहायची. मावशी काय म्हणाल्या, तेही लिहायचं. बऱ्याचदा तीच ओळ सगळ्यांत कामाची ठरते.